साडी नेसलेला माणूस आणि मराठी कथेची अट

सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मराठी नाटक, तमाशा आणि दलित कथा या तिन्हींची मुळं याच पट्ट्यात खोल गेलेली आहेत. विष्णुदास भावे सांगलीचे, पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे.

या पट्ट्याच्या सांस्कृतिक इतिहासात पुरुषाच्या देहाचा, साडी नेसलेला एक माणूस सतत दिसतो. नाटकात त्याला स्त्रीपार्टी म्हणत, तमाशात नाच्या आणि यल्लम्माच्या जत्रेत जोगता. चौथी व्यक्ती आपल्याला एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, दुकानाच्या उंबऱ्याशी टाळी वाजवताना भेटते. लोक तिला हिजडा म्हणतात, सरकारी कागदावर ती तृतीयपंथी असते. पहिल्या तिघांवर मराठीत बरंच लिहिलं गेलं. त्यांच्यावर नाटकं, कादंबऱ्या आणि सिनेमे आले, पुरस्कारही मिळाले. चौथी मात्र कथेत आलीच तर टाळी वाजवून दोन वाक्यांत निघून गेली.

असं का झालं, हा या लेखाचा प्रश्न आहे. मुस्लिम वाचकाला तो परका वाटण्याचं कारण नाही. दुसऱ्याच्या लेखणीतून आपलं चित्र रंगताना पाहणं म्हणजे काय, हे मराठी मुसलमानाला चांगलं ठाऊक आहे.

सनदेतला हिजडा

आधी एक गोंधळ दूर करू. मध्ययुगीन इतिहासात भेटणारे ख्वाजासरा आणि आजचा हिजडा समाज एकच नाहीत. ख्वाजासरा हे खच्चीकरण केलेले, बहुतेक गुलामीतून वर आलेले दरबारी सेवक आणि अधिकारी होते. अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर दख्खनेत उतरला तो त्यांच्यापैकीच. अकबराच्या काळात महसुलाची घडी बसवणारा इतिमाद खान ख्वाजासरा होता. औरंगजेबाच्या दरबारातला बख्तावर खान हाही ख्वाजासरा होता, आणि त्याच्या नावावर ‘मिरात-उल-आलम’ हा फारसी इतिहासग्रंथ आहे. म्हणजे सतराव्या शतकात, ज्याला समाज ‘पूर्ण पुरुष’ मानत नव्हता अशा माणसाच्या नावाने जगाचा इतिहास लिहिला गेला होता. मराठीत तशा माणसाच्या नावाचं पुस्तक यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

हिजडा समाजाची बांधणी वेगळी आहे. गुरू, चेला, घराणं आणि नायक अशी तिची रचना. मुंबई-हैदराबादकडे सात घराणी मानली जातात, त्यांत लालनवाला, भेंडीबाजार यांच्याबरोबर पूनावाला हेही एक आहे. या समाजात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्या घरांतून माणसं येतात. पण गुरू-चेल्याचं नातं, दुआ देण्याची रीत, बोलीतले कितीतरी शब्द यांवर मुस्लिम तहजीबीची छाप स्पष्ट आहे. त्याच वेळी बहुचरामातेची भक्तीही आहे. एकाच घरात मातेचा फोटो आणि दर्ग्याची चादर असते, आणि त्यात तिथल्या कुणाला विसंगती दिसत नाही.

महाराष्ट्रात या समाजाला काही काळ कागदोपत्री मान्यताही होती. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ साली मुंबई इलाख्यातल्या जुन्या दप्तरांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. मराठा मुलखात हिजड्यांना गावोगाव ठरलेली छोटी रक्कम किंवा भिक्षा गोळा करण्याचा हक्क होता, त्याच्या सनदा होत्या आणि तो हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे, हे त्यातून पुढे आलं. पाटील-कुलकर्ण्याचं वतन असावं तसंच हे एक लहानसं वतन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज अधिकाऱ्यांना ते ‘अनैतिक’ वाटलं आणि हक्क मोडीत निघाले. रयतेकडून हक्काने घेतला जाणारा पैसा पुढे फक्त भीक उरला. आज सिग्नलवर जी टाळी ऐकून आपण काच वर करतो, तिच्या मागे एक बुडालेली सनद आहे.

सांगलीचा पडदा

हे हक्क बुडत होते त्याच सुमाराला सांगलीत दुसरं काही उभं राहत होतं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमी दिन त्याच तारखेला साजरा होतो. त्यातली सीता अर्थातच मुलगा होता. पुढची जवळपास नव्वद वर्षं मराठी रंगमंचावरची बहुतेक शकुंतला, सुभद्रा, भामिनी पुरुषच होत्या.

या परंपरेचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे त्यांचं गाव, आणि १९०५ साली ते शकुंतला होऊन रंगमंचावर आले ते मिरजेत. त्यांची साडी, त्यांचे दागिने, अंबाड्यातली फुलं पाहून घरंदाज बायका तशी वेशभूषा करू लागल्या, असं त्या काळाबद्दल सांगितलं जातं. एका पुरुषाने स्त्रीचं सौंदर्य ठरवावं आणि समाजाने ते आनंदाने स्वीकारावं, हे महाराष्ट्रात घडलं.

या स्वीकाराला एक कुंपण होतं. पडदा पडला की साडी उतरवायची. बाहेर हा माणूस नवरा आहे, बाप आहे, मंडळीचा मालक आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे त्याच्या स्त्रीत्वाची भीती वाटत नव्हती. रंगमंचावरची साडी ही कला आणि रस्त्यावरची साडी हा गुन्हा, अशी ही वाटणी होती.

मग खऱ्या स्त्रिया रंगमंचावर आल्या. मिरजेत जन्मलेल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर त्यांच्या पहिल्या फळीत होत्या. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या मंडळीत आल्या आणि थकत चाललेल्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका त्यांनी केल्या. गोहरबाई विजापूरकडच्या बिळगीच्या, अमीरबाई कर्नाटकींच्या भगिनी आणि धर्माने मुसलमान. १९६४ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या बालगंधर्वांसोबत राहिल्या. मराठी आठवणींमध्ये त्यांच्या वाट्याला बहुतेक दोषारोपच आले. गंधर्वांची पडझड, कर्ज, आजारपण या सगळ्याचं खापर ‘त्या बाईवर’ फुटलं. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून नोंदवून घ्यावी असं मराठी प्रकाशनविश्वातल्या फारच थोड्यांना वाटलं. अमीरबाईंवर कन्नडमध्ये रहमत तरीकेरे यांच्यासारख्या अभ्यासकाने पुस्तक लिहिलं. ज्या भाषेच्या रंगभूमीसाठी गोहरबाईंनी आयुष्य घालवलं, त्या मराठीने मात्र त्यांच्याकडे प्रामुख्याने तक्रार म्हणूनच पाहिलं.

स्त्रीपार्टीचा काळ संपल्यावर त्या पुरुषांचं काय झालं? बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं, पण मागच्या रांगेतल्या सखी आणि दासींचं काय? हा प्रश्न सतीश आळेकरांनी १९७९ साली ‘बेगम बर्वे’ या नाटकात विचारला. बर्वे एके काळी संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका करणारा नट. आता तो उदबत्त्या विकतो आणि शामराव टांगेवाल्याच्या धाकात जगतो. त्याची स्वप्नं नाट्यगीतांच्या भाषेत पडतात. त्या स्वप्नात तो एका कारकुनाची बायको होतो, त्याला दिवस जातात, आणि मग ते स्वप्न फार क्रूरपणे मोडलं जातं. बर्वेला साडी हवी आहे. प्रेक्षक नसतानाही हवी आहे. मराठी साहित्यात साडी नेसण्याची इच्छा स्वतःची असलेला पुरुष इतक्या ठळकपणे बहुधा पहिल्यांदा इथे आला. त्याच्या नावामागे ‘बेगम’ लागलंय हेही लक्षात घेण्यासारखं आहे. दिमाखदार, थोडी हास्यास्पद, थोडी परकी अशी बाई दाखवायला मराठी कान मुस्लिम शब्दाकडे वळतो. आळेकरांनी त्या शब्दाला शेवटी करुणेपर्यंत नेलं, हे त्यांचं मोठेपण.

एक कायदा, दोन प्रकरणं

आता रंगमंचाच्या बाहेर, पोलीस चौकीकडे जाऊ. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटके-विमुक्त चळवळीमुळे हा कायदा आपल्याला माहीत आहे. त्याचा दुसरा भाग फारसा कुणाला माहीत नाही. तो संपूर्णपणे हिजड्यांविषयी होता. पोलिसांनी त्यांची यादी करायची, मालमत्तेची नोंद ठेवायची. यादीतला माणूस सार्वजनिक जागी बायकी कपड्यांत दिसला किंवा नाचला-गायला, तर दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा त्याने जवळ ठेवायचा नाही. दत्तक, मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांवर बंदी. गुरूची मालमत्ता चेल्याला मिळते, या एका धाग्यावर जो समाज उभा होता, त्याचा धागाच कापायचा हा बेत होता. सुरुवातीला कायद्याची मुख्य अंमलबजावणी उत्तर हिंदुस्थानात झाली, पण त्यातली नजर देशभर पसरली.

यात फक्त इंग्रजांना दोष देऊन आपल्याला मोकळं होता येणार नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही १३२९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९१९ मध्ये, याच धर्तीचा कायदा केला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेलंगणात हा कायदा कागदावर इतका टिकला की तिथल्या उच्च न्यायालयाला तो २०२३ मध्ये रद्द करावा लागला. ज्या दरबारी परंपरेत ख्वाजासरांना मान होता असं आपण अभिमानाने सांगतो, त्याच परंपरेच्या वारसदार राज्याने हे केलं होतं.

या कायद्याचं पहिलं प्रकरण, जमातींचं, पुढे मुंबई इलाख्यात पोहोचलं. मांग, रामोशी, पारधी वगैरे समाजांच्या माथी ‘गुन्हेगार’ हा शिक्का आणि रोजची हजेरी आली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली ती याच हजेरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट. पोलिसांच्या दप्तरात जो दरोडेखोर होता, तो कादंबरीत गावाला धान्य देणारा नायक झाला. कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. आणि नायकाचं नाव फकिरा, पीर-फकिरांना नवस बोलून मुलांची नावं ठेवणाऱ्या गावसंस्कृतीतलं.

हे शक्य झालं कारण लिहिणारा हात त्याच वाड्यातला होता. अण्णा भाऊंना मांगाची व्यथा कुणाकडून ऐकून घ्यावी लागली नाही. कायद्याच्या पहिल्या प्रकरणाला त्याचा ‘फकिरा’ मिळाला. दुसऱ्या प्रकरणाला मिळाला नाही. साताऱ्या-सांगलीच्या मातीत इतकं सगळं उगवलं, पण हिजड्याच्या बाजूने लिहिणारा हिजड्याचा हात उगवला नाही. कारण उघड आहे. मांगाच्या मुलाला निदान शाळेच्या पायरीपर्यंत जाता येत होतं. बायकी चालीचा मुलगा शाळेच्या आधीच घरातून हाकलला जात होता.

जोगत्याची साडी

१९७० नंतरच्या दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठीचं दार मोठं केलं, आणि त्यातून जोगता आत आला. कर्नाटकातलं सौंदत्ती हे यल्लम्माचं ठाणं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि साताऱ्याच्या काही भागांतून लोक तिकडे जातात. सांगली जिल्ह्यातल्या जतलाही यल्लम्माची मोठी जत्रा भरते. मुलीच्या केसांत जट आली की देवीचं बोलावणं आलं असं मानून तिला सोडायचं, ती जोगतीण. मुलगा बायकी वागू लागला किंवा आजार हटेना, की त्यालाही सोडायचं, तो जोगता. मग साडी, कपाळभर भंडारा, गळ्यात दर्शनाची माळ, डोक्यावर जग आणि हातात चौंडकं.

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या एनकूळचे उत्तम बंडू तुपे यांनी ‘झुलवा’ लिहिली. जोगतिणींच्या जगात आतपर्यंत नेणारी ही कादंबरी. १९८७ मध्ये चेतन दातार यांच्या नाट्यरूपांतरातून वामन केंद्रे यांनी ती रंगमंचावर आणली, आणि शहरी प्रेक्षकाला हे जग कळलं. सांगलीच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे दिनकर दत्तात्रय भोसले हे शिक्षक ‘चारुता सागर’ या नावाने कथा लिहीत. त्यांची ‘दर्शन’ ही कथा आणि शेजारच्या गडहिंग्लजकडच्या राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या, या तिघांवर मिळून २००९ मध्ये राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ आला. त्याला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांत तायाप्पाची भूमिका करणाऱ्या उपेंद्र लिमये यांचाही होता.

या लेखकांचं ऋण मोठं आहे. देवीच्या नावावर चालणारं शोषण त्यांनी दाखवलं नसतं तर मध्यमवर्गाला ते दिसलंच नसतं. पण आज पुन्हा वाचताना-पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. ‘जोगवा’मधला तायाप्पा हा मनाने पुरुष आहे. साडी त्याच्यावर लादलेली आहे. सुलीवर त्याचं प्रेम बसतं, आणि त्याची सुटका म्हणजे साडी टाकून पुरुष होणं. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’मधला गुणाही तसाच. तो पिळदार अंगाचा गडी, कलेच्या वेडापायी नाच्या होतो. तो ‘खरा पुरुष’ आहे, याची वाचकाला सतत हमी दिलेली असते, आणि त्याच्यावर होणाऱ्या अत्याचाराची वेदना त्या हमीमुळे अधिक टोचते.

म्हणजे मराठी कथेने साडी नेसलेल्या माणसाला आत घेतलं, पण एक अट घालून. त्याने साडी नाइलाजाने नेसलेली असावी. पोटासाठी, कलेसाठी, देवीच्या धाकाने. आतून तो पुरुषच असावा. ही अट पुरी केली की वाचक रडायला तयार. जो जोगता म्हणेल, ‘देवीने मला सोडवलं, मला ही साडी हवीच होती’, त्याला या कथेत जागा नाही. प्रत्यक्षात असे जोगते कमी नाहीत. बायकी चालीच्या कितीतरी मुलांना गावात राहण्याचा एकमेव इज्जतीचा रस्ता यल्लम्माच्या परडीतून गेला. शोषण आणि आसरा एकाच ठिकाणी होता. कायद्यांनीही हा गुंता पाहिला नाही. १९३४ चा मुंबईचा देवदासी कायदा आणि महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, दोन्हींच्या डोळ्यांपुढे देवदासी स्त्री होती. जोगत्याचं पुनर्वसन म्हणजे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

करुणेची ही मर्यादा सांगलीतच काही लोकांनी फार आधी ओळखली होती. १९९२ पासून काम करणारी संग्राम ही संस्था, तिच्यातून उभी राहिलेली वेश्याव्यवसायातल्या बायकांची वॅम्प ही संघटना आणि पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींचा मुस्कान हा गट यांचं ठिकाण सांगली. ‘आम्हाला आमच्या तारणहारांपासून वाचवा’ ही वॅम्पची घोषणा देशभर गाजली. ती साहित्यालाही लागू आहे. तारणहार लेखकाचा हेतू चांगला असतो, तरी गोष्टीचा शेवट तोच ठरवतो.

स्वतःच्या हाताने

२०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ मनोविकास प्रकाशनाने काढलं. शब्दांकन वैशाली रोडे यांचं. ठाण्यातल्या ब्राह्मण घरातला मुलगा, शिकलेला, इंग्रजी बोलणारा, नृत्य येणारा. प्रकाशकापर्यंत पोहोचण्याची शिडी लक्ष्मीकडे होती, हे विसरता येत नाही. तरीही त्या पुस्तकाने अट मोडली. ‘मी आतून पुरुष आहे, मला सोडवा’ असं त्यात कुणी म्हणत नाही. तमिळमध्ये ए. रेवती यांचं लेखन त्याच्याही आधी आलं होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला, त्या खटल्यातही लक्ष्मी होत्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. त्यातल्या किती जणांचं लेखन छापून आलं, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

त्यात एक नाव दिशा पिंकी शेख यांचं. अहमदनगर-नाशिककडची ही कवयित्री आणि कार्यकर्ती वंचित बहुजन आघाडीची प्रवक्तीही राहिली. ‘कुरूप’ हा तिचा कवितासंग्रह. तिच्या नावात शेख आहे. हिजडा समाजात गुरूचं नाव लावण्याची रीत आहे, त्यामुळे आडनाव जन्माचं की घराण्याचं, हा प्रश्न तिथे गौण ठरतो. मराठी कवितेत एका हिजड्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मुखपृष्ठावर ‘शेख’ हे नाव आलं, ही आपल्यासाठी साधी घटना नाही.

अशा लेखनासमोरच्या अडचणीही समजून घ्यायला हव्यात. पहिली अडचण भाषेची. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापदाला आहे. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? आत्मकथा लिहिणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला प्रत्येक वाक्यात हा निर्णय करावा लागतो. बालपणाच्या प्रकरणात ‘गेलो’ आणि पुढे ‘गेले’ असं लिहिलं तर मुद्रितशोधक ती चूक समजून दुरुस्त करतो. गंमत म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका घरात सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्यांच्या स्त्रीत्वाला काही होत नाही. बोलीला जे पचतं ते छापील मराठीला पचत नाही. बोलीतला मोकळेपणा शुद्धलेखनाच्या टेबलावर मरतो. दखनी बोलणाऱ्या मुसलमान लेखकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

दुसरी अडचण पैशाची. मराठीत नव्या लेखकाची, विशेषतः कवीची आवृत्ती अनेकदा त्याच्याच खर्चाने निघते. ग्रंथालय खरेदीच्या यादीत नाव लागलं तर पैसे सुटतात. यादी, परीक्षण, दिवाळी अंक, साहित्य संमेलनातलं निमंत्रण या सगळ्या साखळीला ओळख लागते. ज्याला घराने टाकलं, ज्याला भाड्याने खोली मिळत नाही, त्याने ही ओळख कुठून आणायची? उत्तम बंडू तुपे यांच्यासारख्या मान्यता मिळालेल्या लेखकाची अखेरची वर्षं पुण्यात हलाखीत गेली, २०२० मध्ये ते गेले. नाव झालेल्या दलित लेखकाची ही गत, तर बाकीच्यांचा विचारच करायला नको.

आपला हिशेब

हाच प्रश्न मराठी मुसलमानांनी ३५ वर्षांपूर्वी विचारला होता. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान नव्हता असं नाही. पण त्यालाही अट होती. तो एक तर क्रूर सरदार असायचा, नाही तर स्वामिनिष्ठ शिपाई. फार तर अभंग म्हणणारा भला फकीर. चुलीपुढे बसून मराठीत भांडणारी, पोरांच्या फीची काळजी करणारी साधी मुसलमान बाई कुठेच नव्हती. म्हणून १९८९ मध्ये मुस्लिम मराठी साहित्य परिषद आणि १९९० मध्ये सोलापूरचं पहिलं संमेलन उभं राहिलं. त्या चळवळीचे एक आधारस्तंभ, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर, जन्माने साताऱ्याचे. आमची गोष्ट आम्ही सांगू, हा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह खरा असेल तर आता तो आपल्यालाही लागू व्हायला हवा. आपल्या कथांमध्ये हिजडा कुठे आहे? मुस्लिम मोहल्ल्यात, दर्ग्याच्या उरुसात, लग्नाच्या मांडवात तिला आपण रोज पाहतो. बाळ जन्मलं की तिची दुआ घेतो. ती मेल्यावर जनाजा उचलायचा की नाही, कुठल्या कब्रस्तानात दफन करायचं, यावरून वाद घालतो. इस्लामी फिकहच्या जुन्या ग्रंथांत ‘खुन्सा’ म्हणजे मिश्र लिंगाच्या व्यक्तीच्या वारशाचे, नमाजच्या सफेतल्या जागेचे नियम तपशीलवार दिले आहेत. तिथे खुन्सा आणि मुखन्नस यांत फरक केलेला आहे आणि आजचे प्रश्न त्या चौकटीत जसेच्या तसे बसत नाहीत, हे खरं. पण हजार वर्षांपूर्वीच्या फकीहांना निदान या माणसाला सफेत कुठे उभं करायचं, हा प्रश्न पडला होता. आपल्या कथाकारांना तिला गोष्टीत कुठे उभं करायचं, हाही प्रश्न पडलेला दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल की मग इतरांनी हिजड्यांवर लिहूच नये का? असं म्हणणं चुकीचं होईल. अरुंधती रॉय यांच्या २०१७ च्या कादंबरीतली दिल्लीची अंजुम जगभर पोहोचली. ‘बेगम बर्वे’ लिहिणारा लेखक स्त्रीपार्टी नव्हता. इतरांनी लिहावंच, पण अट काढून लिहावं. पात्राला शेवटी ‘बरं’ करण्याचा मोह टाळावा, साडी उतरवणं म्हणजेच सुटका असं गृहीत धरू नये. आणि स्वतः लिहिणारा हात समोर आला की जागा करून द्यावी, तिचं ‘गेलो’ आणि ‘गेले’ दोन्ही तसंच छापावं.

हे काम मोठ्या प्रकाशकांची वाट पाहत बसण्यासारखं नाही. २०१८ मध्ये साहित्य अकादमीने कोलकात्यात तृतीयपंथी कवींचं संमेलन घेतलं. साताऱ्या-सांगलीतल्या ग्रंथालयांना, महाविद्यालयांना, आपल्या छोट्या अंकांना ते अशक्य नाही. मिरजेच्या उरुसात, जतच्या जत्रेत, सांगलीच्या गल्ल्यांत कितीतरी म्हाताऱ्या गुरू आहेत. त्यांच्याकडे घराण्यांच्या गोष्टी आहेत, गाणी आहेत, कुठल्या गावाने काय हक्क दिला होता याच्या आठवणी आहेत. त्या लिहिल्या गेल्या नाहीत तर दहा-वीस वर्षांत संपतील, आणि उरतील फक्त पोलिसांची दप्तरं.

१८७१ च्या कायद्याच्या पहिल्या प्रकरणाला उत्तर द्यायला ८८ वर्षं लागली, आणि ते वाटेगावच्या एका माणसाने दिलं. दुसऱ्या प्रकरणाच्या उत्तराची पहिली पानं आता कुठे येऊ लागली आहेत. ती वाचणं, छापणं आणि आपल्या शेजारी ठेवणं, इतकं तरी आपल्या हातात आहे.